गादीत शिवलेली सुवार्ता

तर गादी फाडली, आणि आतून देवाचा निरोप निघाला. काल इथपर्यंत आलो होतो आणि नेमके दिवे गेले. ज्यांना धीर नव्हता त्यांनी घरी जाऊन आपापल्या मनाने पुढचं जुळवलं. आज सकाळी एकाने तर विचारलंच, की मूर्ती निघाली की दागिना? मूर्ती नाही, आणि दागिना तर नाहीच नाही. कागद निघाला. छापील, जाड, घडी घातलेला, आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत: 'झोपू नका! जागे राहा! तो येत आहे!'

गादीत हे. झोपू नका.

ज्या कंपाउंडरच्या पाठीखालून हा कागद निघाला, तो दिवसभर दवाखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवून दमणारा साधा माणूस. नवी गादी घरी आल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. या कुशीवर वळला की कुर्र, त्या कुशीवर वळला की कुर्र. आधी त्याला उंदीर वाटला. मग त्याच्या बायकोला वाटलं, याच्या हाडांचाच आवाज आहे. शेवटी बाईने सुरी आणली, शिवण उसवली, कापसात कोपरापर्यंत हात घातला आणि कागद बाहेर काढला. वाचला. नवऱ्यालाही मोठ्याने वाचून दाखवला.  कंपाउंडरने उठून दाराला दुसरी कडी बसवली.

पण या घाईत एक गफलत झाली. कागद आधी सांगितला आणि माणूस राहून गेला. गोष्ट कागदाची नाहीच मुळी, गोष्ट दाजींची आहे. दाजी म्हणजे ज्यांनी ती गादी शिवली ते गादीवाले.

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. दुकानात त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ कामाला होता, आणि तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत 'दाजी, दाभण कुठाय', 'दाजी, खोळ उलटी शिवलीत', 'दाजी, गिऱ्हाईक' असा घोष लावी. गल्लीने ऐकून ऐकून तेच उचललं. पुढे तर वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना दाजी म्हणू लागली, आणि पोस्टमनही. म्हणजे साऱ्या गल्लीने आपापली बहीण त्यांना देऊन टाकल्यासारखं झालं. दाजींनी तक्रार केली नाही. तशी ते कशाचीच करत नसत.

मेहुण्याला सगळे सुतळी म्हणत. उंच, बारीक, आणि कुठल्याही विषयाला दोन वेढे देऊन गाठ मारून टाकणारा. गादीचं काम एकट्याचं नसतंच. एकाने इकडून दाभण घालायची, दुसऱ्याने तिकडून ओढायची. एकाने कोपरा धरायचा, दुसऱ्याने कापूस सारखा करायचा. समोरच्याचा हात ओळखू आला नाही तर गादी एकीकडे डोंगर आणि एकीकडे दरी अशी होते. या दोघांचे हात एकमेकांना इतके ओळखून होते, की तोंडं बंद ठेवली तरी चालायचं. सुतळीचं तोंड अर्थात बंद नसायचंच. दुकान लांबट, अरुंद, मागे हौद, आत गाठोडीच्या गाठोडी, आणि हवेत कायम कापूस. दाजींची मिशी पांढरी झाली की नुसता कापूस बसलाय, हे कळायला त्यांच्या अंघोळीची वाट पाहावी लागे.

आता मूळ गाठ. दाजी आणि त्यांची बायको दर रविवारी चर्चला जात. सुतळी बहिणीला फाटकापर्यंत सोडायला येई आणि तिथून शिट्टी वाजवत परत फिरे. दुकान नवं होतं तेव्हा दाजींचा उत्साहही नवा होता. रविवारी ऐकलेलं प्रवचन ते सोमवारी सुतळीला ऐकवत, सोमवारी राहिलेलं मंगळवारी, आणि असं करता करता पुढचा रविवार येई. सुतळीने बरेच दिवस ऐकलं. मग एकदा हातातली दाभण खाली ठेवून तो म्हणाला,

"दाजी, एक तर गादीत कापूस भरू, नाहीतर माझ्या कानांत. दोन्ही एका वेळी जमायचं नाही."

"मग काय करू म्हणतोस?"

"दुकानात देव काढायचा नाही. शब्द द्या."

दाजींनी शब्द दिला. आणि दाजींचा शब्द म्हणजे दाजींचा टाका. तो आपोआप उसवत नसे. त्या दिवसापासून दुकानात कापूस, हवापाणी, गिऱ्हाइकांचे स्वभाव, सुतळीचे दात, सगळं निघालं, पण देव निघाला नाही. वर्षं गेली. एकदा दुकान जळून पुन्हा उभं राहिलं, तरी नाही. सुतळीच्या कानशिलावर पांढरं दिसू लागलं, आणि ते कापसाचं नव्हतं.

दाजींना मात्र आतून लागे. आपण ज्याच्या आधारावर उभे आहोत ते रोज समोर बसणाऱ्या माणसालाच सांगता येत नाही, म्हणजे घरात दिवा लावायचा आणि त्यावर टोपली घालून बसायचं. रोज सकाळच्या प्रार्थनेत ते सुतळीचं नाव घेत. घेऊन झालं की दुकानात येत आणि त्याला विचारत, "चहा घेतलास का?" पुढे काही जमत नसे.

अशात चर्चमधल्या हेडमास्तरीणबाईंनी मोहीम काढली. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांच्यातली शाळा सुटली नव्हती. उपासना संपल्यावर त्या वेदीपुढे उभ्या राहिल्या, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "नुसतं येऊन बाकं झिजवणं पुरे झालं. प्रत्येकाने एक माणूस धरायचा. अगदी जवळचा. त्याला साक्ष द्यायची. दाजी, तुमचा कोण?"

दाजींनी तोंड उघडायच्या आत बायकांच्या बाकावरून आवाज आला, "माझा भाऊ!"

"छान," बाई म्हणाल्या. "साक्ष द्या त्याला."

इथे घोटाळा होता तो साक्ष या शब्दाचा. चर्चमधल्या बाकी सगळ्यांना साक्ष म्हणजे काय ते ठाऊक होतं: देवाने आपलं काय भलं केलं ते उभं राहून सांगायचं. पाववाल्याची साक्ष सगळ्यांना पाठ होती. तो शिडीवरून पडला होता आणि देवाने त्याला वाचवलं होतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो शिडीच्या मधल्या पायरीवरून पडला होता, मग वरच्या, मग छपरावरून. यंदा तर तो गिरणीच्या धुराड्यापर्यंत चढला होता. देवाची करणी त्याच मानाने वाढत चालली होती.

दाजींनी मात्र साक्ष कोर्टात दिली होती. दुकानापुढे दोन गाड्यांची टक्कर झाली आणि त्यांना बोलावणं आलं. वकिलाने विचारलं, "तांबडी गाडी भरधाव होती, बरोबर?"

"मी खाली बघून टाका घालत होतो."

"पण आवाज तर ऐकलात ना? कसा होता?"

"मोठा."

"मग चूक कोणाची?"

"चूक दिसली नाही. काचा दिसल्या."

न्यायाधीश खूश झाले. म्हणाले, साक्षीदार असा असावा. पाहिलं तेवढंच सांगतो, ऐकलेलं आणि वाटलेलं मध्ये घुसडत नाही. दाजींना आयुष्यात मिळालेली ही एकमेव सरकारी शाबासकी, आणि ती त्यांनी फार मनावर घेतली. त्यामुळे बाई साक्ष म्हणाल्या की दाजी मनाने पुन्हा कोर्टाच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहत. आपण पाहिलं काय? आंधळा डोळस झालेला पाहिला नाही, मेलेला उठलेला पाहिला नाही. धुराड्यावरून कोणी पडलेलासुद्धा पाहिला नाही.

"बाई, मी काही पाहिलेलं नाही," ते हळूच म्हणाले.

"मग ही वाटा," म्हणत बाईंनी पत्रकांचा गठ्ठा हातात ठेवला. "यात सगळं छापलंय. तुम्हाला काही बोलायलाच नको."

हे दाजींना पटलं. बोलायला नको म्हणजे शब्दही मोडत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पत्रक सुतळीच्या चहाच्या कपाखाली सरकवून ठेवलं आणि पाठ फिरवली. सुतळीने चहा घेतला, कागद उचलला, बोटांत चोळून पाहिला. "चांगला जाड आहे," म्हणाला, आणि घडी घालून डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली बसवला. बाक डुगडुगायचं थांबलं. दाजींना पहिल्यांदा वाटलं की पत्रकाचा काहीतरी उपयोग आहे, पण बाईंना हे सांगण्यासारखं नव्हतं.

पुढच्या रविवारी बाईंनी विचारलं, "किती प्रगती?" दाजी ओशाळं हसले. घरी बायको म्हणाली, "अहो, माझा एकुलता एक भाऊ आहे. त्याला तुमच्याशिवाय कोण सांगणार? माझं ऐकतोय तो? मी बोलले की शिट्टी वाजवतो."

म्हणजे एकीकडे शब्द, एकीकडे बायको, आणि मध्ये दाजी, तोंडात दाभण धरून.

त्याच सुमाराला सुतळीची स्वतःची गादी दगड झाली होती. बहिणीने हट्ट धरला म्हणून दाजींनी त्याच्यासाठी नवी करायला घेतली. शेजारीच कंपाउंडरची गादी चालू होती. कापड एकाच ताग्यातलं, निळ्या पट्ट्यांचं. संध्याकाळी सुतळी चहा सांगायला गेला. दाजींनी खिशातून पत्रक काढलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पाठ येते त्या जागी कापसाच्या दोन थरांमध्ये घालून वर भराभर टाके घातले. ताकाला जाऊन भांडं लपवतात, हे ऐकलं होतं. इथे ताकच लपवलं. मन टोचू लागलं तेव्हा त्यांनी मनाशी वाद घातला. शब्द काय होता? दुकानात देव काढायचा नाही. आपण कुठे काढतोय? आपण तर घालतोय.

असा वाद घालता आला की माणसाने समजावं, आपलं चुकतंय. दाजींनाही समजलं, पण टाका घालून झाला होता.

दुसऱ्या दिवशी सुतळीने एक गादी डोक्यावर घेऊन कंपाउंडरकडे टाकली आणि दुसरी आपल्या खोलीवर नेली. कुठली कुठे, हे त्याने पाहिलं नाही. पाहायचं कारणच नव्हतं. दोन्ही दाजींच्या हातच्या.

आणि मग ते कुर्र, ती सुरी, ती दुसरी कडी, सगळं सांगून झालंच आहे.

कंपाउंडरची बायको भर सकाळी दुकानात आली ती कागद चिमट्यात धरूनच. हात लावायची तिची तयारी नव्हती. मागे कंपाउंडर, तांबारलेल्या डोळ्यांचा, जांभया देत.

"हे काय आहे?" तिने चिमटा पुढे केला. "गादीतून निघालं! करणी केलीत आमच्यावर? कोण येतोय? कधी येतोय? आमच्या घरात काय काम आहे त्याचं?"

गल्ली जमली. सुतळी उठून उभा राहिला, आणि तो उभा राहिला की बराच वेळ उभा राहतच असे.

"बाई, तोंड सांभाळून. आमच्या दुकानात गादीत कापसाशिवाय काही जात नाही."

"मग हा काय कापसाला फुटला?"

"तुमच्याच घरात कोणीतरी घातला असेल. तुमच्या सासूला विचारा."

"सासूला वाचता येत नाही!"

"मग त्यांनीच घातला. वाचता आलं असतं तर घातला असता का? हे बघा, हा माणूस," सुतळीने दाजींकडे हात केला, "आयुष्यात एक चिंधी कापसात जाऊ दिली नाही यांनी. जुना कापूस नव्यात मिसळा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हाकललंय. ऊन असो वा थंडी, मी यांच्यासमोर बसलोय. दाजींनी कागद घातला? अशक्य. कुठेही बोलवा, मी साक्ष देतो!"

दाजींच्या दातांत दाभण होती. त्यांनी ती काढली, पुसली, खोळीत टोचून ठेवली.

"मी घातला," ते म्हणाले.

 कंपाउंडरची जांभई अर्ध्यावर राहिली.

"पण तुमच्यासाठी नव्हता," दाजी चिमटेवाल्या बाईंना म्हणाले. "गादी बदलली. हा सुतळीसाठी होता."

कंपाउंडरच्या बायकोने हे मनाशी नीट लावून पाहिलं. "म्हणजे जो कोण येणार, तो यांच्याकडे येणार?"

"हो."

"आमच्याकडे नाही ना?"

इथे दुसरा कोणी असता तर नाही म्हणून मोकळा झाला असता. दाजींना ते जमेना. "तसं म्हटलं तर," ते चाचरत म्हणाले, "येणार तो सगळीकडेच."

कंपाउंडर खालीच बसला. त्याला पाणी दिलं, गादी फुकट शिवून देण्याचं कबूल केलं, येणारा चोर नव्हे हे पाववाल्याने मध्ये पडून समजावलं, आणि हळूहळू गर्दी पांगली. या सगळ्यात सुतळी जागचा हलला नव्हता.

"दाजी," तो म्हणाला, "माझ्या पाठीखाली?"

दाजींनी खोळीत टोचलेली दाभण उपसली आणि पुन्हा तिथेच टोचली.

"आणि मी इथे साक्ष देत होतो." सुतळीने अंगावरचा कापूस झटकला, चप्पल घातली आणि तो निघून गेला. शिट्टी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दाजी एका बाजूने दाभण घालत, उठत, वळसा घालून पलीकडे जात, तिकडून ओढत, पुन्हा वळसा घालून इकडे येत. बघणाऱ्याला वाटावं, गादीभोवती प्रदक्षिणा चालल्यात. सवयीने ते मध्येच म्हणत, "धर रे," आणि कोपरा निसटून खाली पडे.

घरी बायकोने दोन दिवस अबोला धरला आणि मग तो सोडून दिला, कारण अबोल्यात बोलता येत नाही. "मी तुम्हाला सांगा म्हटलं होतं," ती म्हणाली. "शिवा नव्हतं म्हटलं."

हेडमास्तरीणबाईंना बातमी कळली ती वेगळ्याच बाजूने. त्या दुकानात आल्या त्या चेहऱ्यावर तेज घेऊन. "दाजी! काय ही कल्पना! कंपाउंडर काल माझ्याकडे येऊन विचारत होता, नक्की कोण येतोय म्हणून. रविवारी चर्चलाही येतो म्हणाला. आता प्रत्येक गादीत एकेक घाला. मी आणखी छापून घेते."

"नको, बाई."

"का नको? फळ तर दिसतंय!"

"गिऱ्हाईक गादी फाडतं," दाजी म्हणाले. "मग मला परत शिवावी लागते. आणि हल्ली मी एकटाच आहे."

बाईंनी मोकळ्या बाकाकडे पाहिलं. आयुष्यभर गैरहजर मुलांची जागा ओळखत आलेल्या होत्या त्या. त्यांनी दाजींकडचा उरलेला पत्रकांचा गठ्ठा उचलून परत पिशवीत टाकला, आणि जाता जाता म्हणाल्या, "पालकांना भेटून यावं लागतं अशा वेळी. जा."

सुतळीचे पालक म्हणजे तसे दाजीच. ते दुकान बंद करून निघाले.

सुतळीची खोली छापखान्याच्या वर होती. जिन्यावर शाईचा वास, खोलीत एक खिडकी, एक खुंटी आणि खाली अंथरलेली निळ्या पट्ट्यांची गादी. सुतळी तिच्यावरच बसला होता. त्याने दाजींना पाहिलं आणि जागा केली.

"बसा."

"गादीवर?"

"दुसरं काही दिसतंय का?"

दाजी बसले. बसता बसता सवयीने त्यांनी तळहाताने गादी दाबून पाहिली. "कुरकुरत नाही," ते म्हणाले.

"कशी कुरकुरेल? माझा देव कंपाउंडरकडे गेला." सुतळीने तोंड खिडकीकडे केलं. "हिच्यात काय घातलंत?"

"कापूस."

"आणि?"

"कापूसच."

"परवापर्यंत मीही असंच सांगत होतो लोकांना. फाडा."

"अरे, चांगली गादी—"

"माझ्यासमोर फाडा, दाजी."

दाजींनी खिशातून छोटी सुरी काढली आणि आपलेच टाके उसवले. दोघांनी मिळून कापूस बाहेर काढला, मूठ मूठ करून, पिंजून पिंजून. खोली भरली. खुंटीवरचा सदरा पांढरा झाला. शेवटी खोळ उलटी करून झटकली. त्यातून आणखी थोडा कापूस पडला.

सुतळीने तो बराच वेळ पाहिला. मग तो हसला नाही, पण त्याचे खांदे खाली आले.

"भरा आता," तो म्हणाला.

दोघं भरू लागले. खोळीच्या एका टोकाला एक, दुसऱ्याला दुसरा. हातांना काही सांगावं लागलं नाही.

"चुकलो मी," दाजी म्हणाले.

"कशात? देवाचं सांगण्यात?"

"नाही. पाठीमागून सांगण्यात."

"पाठीखालून," सुतळीने दुरुस्त केलं. त्याने आणखी एक मूठ कापूस कोपऱ्यात सारला. "तोंडाने का नाही सांगितलंत?"

"तू शब्द घेतला होतास."

"मी? मला तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं! आठवडाभर प्रवचन ऐकून कंटाळलेलं पोरगं ते. ते बोललं, आणि तुम्ही म्हातारे होईपर्यंत मूग गिळून बसलात? मध्ये एकदा विचारायचं तरी होतं, की बाबा, अजून शब्द आहे का?"

दाजींनी कापूस सारखा केला. सारखाच होता, तरी केला. "भीती वाटली," ते म्हणाले. "तू हसलास तर. उठून गेलास तर. शब्द होता हे एका परीने बरंच होतं मला."

"हां," सुतळी म्हणाला. "आता खरं निघालं. आणि मला काय वाटायचं माहितीये? मला वाटायचं, दाजींचा देवाधर्मातला जोर सरला. ओसरलं असेल ते. नाहीतर चांगला कापूस मिळाला की चार गल्ल्यांना ऐकवणारा माणूस एवढा गप्प बसेल?" त्याने खोळीचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. "बरं. शब्द परत दिला तुम्हाला, घ्या. आता सांगा. कागदावरचं नको, बाईंचं नको, धुराड्यावरचं तर अजिबात नको. तुमचं स्वतःचं काय ते सांगा. पटलं नाही तर पटलं नाही म्हणेन. पण कामाला उद्या येणार ते येणारच, ते काही याच्यावर नाही."

दाजींनी दाभणीत दोरा ओवला. पहिल्या खेपेला तो नाकात गेला नाही, दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेला गेल्यावर त्यांनी दाभण तशीच हातात धरली, नेहमीसारखी दातांत धरली नाही, आणि म्हणाले:

"आपलं दुकान जळलं तेव्हा तू बादल्या आणत होतास, आणि मी दिसेना म्हणून हाका मारत होतास. मी मागे हौदाशी बसलो होतो. देवाला शिव्या देत होतो. चर्चमधल्या भाषेत नाही, आपल्या गल्लीतल्या. येत होत्या तेवढ्या दिल्या, संपल्या तेव्हा पुन्हा पहिलीपासून दिल्या. माणूस असता तर उठून गेला असता. तो गेला नाही. कसं कळलं ते विचारू नकोस. आपली पाठ असली तरी खोलीत कोणी बसलंय हे कळतं ना, तसं कळलं. मग मी उठलो आणि तुझ्या हातातली बादली घेतली. तेव्हापासून रोज सकाळी त्याच्याशी बोलतो, हल्ली शिव्या कमी असतात. मी पाहिलेलं एवढंच आहे, सुतळी, आणि ते तुला सांगायचं राहिलं होतं. बाकीचं चर्चच्या पाळकांना विचारावं लागेल. आता तो कोपरा ओढ, कापूस सगळा तुझ्या बाजूला गेलाय."